घरामागच्या तळ्याचं पाणी: फिल्टर उभारणं, मुरवणं आणि बेताने धुणं

तळ दिसेल इतकं नितळ पाणी असलेल्या तळ्यात मासे मरतात आणि हिरव्यागार पाण्यात वर्षानुवर्षं धडधाकट राहतात. नवीन तळं केलेल्या माणसाच्या हे पटकन गळी उतरत नाही, कारण पाणी डोळ्यांनीच पारखायची आपली सवय. पण माशांचा मुख्य शत्रू अमोनिया. त्याला रंग नाही, आणि तळ्यात असतो तेवढ्या प्रमाणात वासही येत नाही. तो विष्ठेतून कमी आणि कल्ल्यांतून जास्त बाहेर पडतो, तोही थेट विरघळलेल्या रूपात. कितीही बारीक जाळी लावली तरी तो अडकत नाही.

त्यामुळे फिल्टरचं खरं काम हा विरघळलेला अमोनिया संपवणं, आणि ते काम फिल्टरच्या आत वाढणारे जिवाणू करतात. कचरा अडवणं हे त्याचं दुसरं, सोपं काम. फिल्टरला नुसती गाळणी समजून दर आठवड्याला नळाखाली घासून लख्ख करणारे हौशी लोक स्वतःच्या हातांनी हे जिवाणू गटारात सोडतात आणि मग मासे का मेले म्हणून औषधं शोधत बसतात. म्हणून या लेखात फिल्टर किती स्वच्छ ठेवावा यापेक्षा तो किती मळका राहू द्यावा याबद्दलच जास्त सांगितलं आहे.

आधी लिटर मोजा

पंप केवढा, मासे किती, मीठ किती, सोडा किती, औषध किती, हे सगळं तळ्यात नक्की किती पाणी आहे त्यावर ठरतं. अंदाजपंचे आकडा धरू नका. तो बहुतेक वेळा खऱ्यापेक्षा जास्तच निघतो. आयताकृती तळं असेल तर मीटरमध्ये लांबी, रुंदी आणि पाण्याची खोली यांचा गुणाकार करून त्याला १००० ने गुणा. अडीच मीटर लांब, दोन मीटर रुंद आणि १.२ मीटर खोल म्हणजे ६००० लिटर. आकार वेडावाकडा असेल, काठ उतरते असतील, तर गणिताच्या नादी लागू नका. भरतानाच मोजा: नळीखाली १० लिटरची बादली किती सेकंदांत भरते ते बघा आणि तळं भरायला एकूण किती वेळ लागला त्यावरून हिशेब करा. आकडा पंपावर किंवा फिल्टरच्या झाकणावर रंगाने लिहून ठेवा. मासे आजारी पडलेले असताना तो आठवत नाही.

पुढे सगळीकडे हेच ६००० लिटरचं तळं धरून चालू.

मासे किती ठेवायचे? गोल्डफिशला प्रत्येकी निदान दीडशे-दोनशे लिटर, कोईला (कार्प जातीचा रंगीत मासा) प्रत्येकी हजार लिटर. कोई विकत घेताना बोटाएवढा असतो म्हणून लोक वीस-वीस आणतात. तोच मासा पुढे ६० सेंटिमीटरच्या वर जातो. म्हणजे आपल्या तळ्यात सहा कोई, सातवा नाही. गोल्डफिशना ६० सेंटिमीटर खोली चालते, कोईंसाठी सव्वा मीटरच्या आसपास हवी, कारण उथळ पाणी दिवसा पटकन तापतं आणि रात्री पटकन निवतं.

तळ्याची जागा ठरलेली असेलच, तरी तीन गोष्टी तपासून घ्या. काठ आजूबाजूच्या जमिनीपेक्षा चार-सहा इंच उंच हवा, म्हणजे पावसात बागेतलं खत आणि कीटकनाशक वाहून आत येणार नाही. सिमेंटचं नवीन बांधकाम असेल तर त्यातून चुना सुटत राहतो आणि पाण्याचा सामू (पीएच, म्हणजे पाणी किती आम्ल किंवा अल्क आहे त्याचा आकडा) ९ च्याही वर जातो. चांगलं सीलर लावा किंवा अनेकदा भरून, आठवडाभर ठेवून, रिकामं करा, आणि सामू खाली येऊन स्थिरावल्याशिवाय मासे सोडू नका. पाइप तांब्याचा किंवा जस्ताचा मुलामा दिलेला नको, दोन्ही धातू माशांना विषारी आहेत.

१०० ग्रॅम खाण्याचं पुढे काय होतं

सहा चांगले वाढलेले कोई उन्हाळ्यात दिवसाला १०० ग्रॅम खाणं सहज संपवतात. त्या खाण्यात ३५ टक्के प्रथिनं असली तर त्यातून दिवसाला साधारण ३.२ ग्रॅम अमोनिया (त्यातला नायट्रोजन मोजून) पाण्यात उतरतो. ६००० लिटरमध्ये म्हणजे लिटरला अर्धा मिलिग्रॅम. ऐकायला चिमूटभर वाटतं, पण तीन दिवसांत तो दीड मिलिग्रॅम होतो आणि आपली लक्ष्मणरेषा शून्य आहे. नुसतं पाणी बदलून हे आवरायचं म्हटलं तर रोज जवळजवळ अख्खं तळं रिकामं करावं लागेल.

इथे जिवाणू कामाला येतात. एक गट अमोनियाचं नायट्राइट करतो. नायट्राइटही विषारीच: ते माशाच्या रक्तात शिरून रक्ताची ऑक्सिजन वाहून नेण्याची ताकद घालवतं, आणि कल्ले लालऐवजी तपकिरी दिसू लागतात. दुसरा गट त्या नायट्राइटचं नायट्रेट करतो, जे बरंच निरुपद्रवी आहे. ते पाणवनस्पती खातात आणि उरलेलं पाणी बदलताना निघून जातं.

या जिवाणूंबद्दल तीन गोष्टी लक्षात ठेवल्या की फिल्टरचे सगळे नियम आपोआप सुचतात. ते पृष्ठभागाला चिकटून राहतात, पाण्यात तरंगत नाहीत. म्हणून पाणी बदललं तरी ते जात नाहीत, पण मीडिया (जिवाणूंना चिकटायला फिल्टरमध्ये भरलेलं सामान) घासला की जातात. त्यांना भरपूर ऑक्सिजन लागतो. आणि ते अतिशय सावकाश वाढतात: कुजवणारे साधे जिवाणू अर्ध्या तासात दुप्पट होऊ शकतात, यांना त्यासाठी कित्येक तास ते दिवसभर लागतो. एकदा मारले की आठवड्यांचा प्रश्न.

फिल्टरची मांडणी

विकतचा फिल्टर घ्या किंवा ड्रम जोडून घरी करा, क्रम एकच: आधी जड गाळ बसवा, मग बारीक कचरा अडवा, मग जिवाणूंचा कप्पा, आणि शेवटी पाणी हवेशी खेळत तळ्यात परत. पाणी तळ्याच्या तळातून उचला, कारण घाण तिथेच साचते. नव्याने बांधत असाल तर तळाला निचऱ्याचा पाइप टाकून घ्याच. झालेल्या तळ्यात तो बसवणं म्हणजे पुन्हा खोदकाम.

पहिला कप्पा रिकामा, गोल, मोठा. पाणी कडेने आत सोडलं की ते फिरतं, वेग मंदावतो आणि विष्ठा तळाशी बसते. तिथे एक कॉक असला की रोज अर्धं मिनिट उघडून घाण बाहेर काढता येते. दुसऱ्या कप्प्यात ब्रश किंवा जाड-बारीक मॅट. तिसऱ्यात जिवाणूंचं घर: प्लॅस्टिकचे छोटे कंगोरेदार मीडिया, सिरॅमिकचे तुकडे, मॅट, काहीही चालेल. मला स्वतःला हवेच्या बुडबुड्यांवर सतत घुसळत राहणारा प्लॅस्टिक मीडिया सगळ्यात बरा वाटतो. तो तुंबत नाही, आणि धुवायची वेळ जवळजवळ येतच नाही, त्यामुळे मालकाचा हात त्यापासून लांब राहतो. खडी मात्र टाळा. जड असते, आत गाळ साठतो, आणि साफ करायला सगळी उपसावी लागते.

कोईंच्या तळ्यासाठी फिल्टरचं एकूण आकारमान तळ्याच्या दहाव्या हिश्श्याइतकं असावं हा जुना ठोकताळा अजूनही उपयोगी आहे. गोल्डफिश आणि भरपूर वनस्पती असतील तर निम्म्यातही भागतं. खोक्यावर ‘१०,००० लिटरसाठी’ लिहिलेलं असलं तर शेजारी ‘मासे नसलेल्या’ असं बारीक अक्षरात आहे का ते वाचा.

पंप आणि वीज

कोईंच्या तळ्यातलं सगळं पाणी तासाभरात एकदा फिल्टरमधून फिरावं, गोल्डफिशच्या तळ्यात दोन तासांत. पंपावर छापलेला आकडा मात्र शून्य उंचीचा असतो. पाणी दीड मीटर वर चढवायचं असेल तर तोच पंप बरंच कमी देतो, त्यात वाकणारे आणि बारीक पाइप आणखी खातात. खोक्यावरचा उंचीनुसारचा तक्ता बघूनच घ्या. बसवल्यावर परतीच्या पाइपाखाली बादली धरा: १० लिटर १२ सेकंदांत भरलं तर तासाला ३००० लिटर. दर महिन्याला हे मोजत गेलात तर पंप थकतोय की मॅट तुंबलीये, हे मासे सांगायच्या आधी कळतं.

पंप चोवीस तास, बाराही महिने चालू. रात्री आवाज होतो किंवा बिल येतं म्हणून बंद करायचा असेल तर फिल्टर लावूच नका.

पाणी आणि वीज शेजारी आहेत, म्हणून ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा स्विच) लावून घ्या, आणि पाण्यात हात घालण्याआधी बटण बंद.

मुरवणं

नवीन फिल्टरमध्ये जिवाणू नसतात. मासे लगेच सोडले तर आधी अमोनिया चढतो, तो उतरायला लागला की नायट्राइट चढतं, आणि ते उतरून दोन्ही शून्यावर यायला कोमट पाण्यात चार ते सहा आठवडे लागतात, थंडीत कितीतरी जास्त. पाणी १० अंशांच्या खाली गेलं की हे जिवाणू जवळजवळ झोपतात. म्हणून तळं हिवाळ्याच्या तोंडावर सुरू करू नये.

उत्तम मार्ग म्हणजे माशांशिवाय मुरवणं. पाणी भरा, क्लोरीन काढा, पंप चालू करा आणि शुद्ध अमोनियम क्लोराइड, म्हणजे नवसागर, हजार लिटरला सहा-सात ग्रॅम टाका. अमोनिया लिटरला दोन मिलिग्रॅमच्या आसपास दाखवेल. एक-दोन दिवसांनी मोजत राहा, संपला की पुन्हा तेवढाच टाका. संध्याकाळी टाकलेला अमोनिया दुसऱ्या संध्याकाळी शून्य आणि नायट्राइटही शून्य असं सलग काही दिवस झालं की फिल्टर तयार. साठलेलं नायट्रेट काढायला अर्धं पाणी बदला आणि मासे सोडा, पण एकदम सगळे नाही. दोन सोडा, दोन-तीन आठवडे आकडे बघा, मग पुढचे दोन.

कुणाच्या निरोगी, चालत्या तळ्यातली मॅट किंवा मूठ-दोन मूठ मीडिया मिळाला तर ओल्या अवस्थेतच आणून आपल्या फिल्टरमध्ये टाका. आठवड्यांचं काम दिवसांत होतं. ‘निरोगी’ हा शब्द गाळू नका, रोगही त्याच मॅटवर येतो. बाटलीतल्या जिवाणूंवर मी तरी पैसे घालत नाही. हे जिवाणू पाण्यातून, हवेतून आपसूक येतात, त्यांना फक्त वेळ, हवा आणि खाद्य हवं.

मुरलेला फिल्टर ओळखायचा कसा? मीडियाचा एक तुकडा उचलून बोटांत धरा. त्यावर पातळ, तपकिरी, किंचित बुळबुळीत थर असतो, तो बोटाने पुसला तर निघतो. वास पहिल्या पावसात भिजलेल्या मातीसारखा. हाच थर जपायचा आहे. काळा चिकट गाळ आणि सडक्या अंड्याचा वास आला तर त्या कोपऱ्यात ऑक्सिजन पोचत नाही, तिथे पाण्याची वाट मोकळी करा.

नळाचं पाणी

नळाच्या पाण्यातला क्लोरीन माशांचे कल्ले जाळतो आणि जिवाणूंनाही मारतो. पाण्यात तो त्यासाठीच घालतात. उघड्या टाकीत हवेचा दगड (एअर पंपाच्या नळीला लावायचा, बारीक बुडबुडे सोडणारा) सोडून एक-दोन दिवस ठेवलं की साधा क्लोरीन उडून जातो. घाई असेल तर हायपो, म्हणजे सोडियम थायोसल्फेटचे खडे: क्लोरीन लिटरला २ मिलिग्रॅमपर्यंत असेल तर हजार लिटरला १५ ग्रॅम पुरतात. आधी बादलीत विरघळवा. नळी थेट तळ्यात सोडणार असाल तर नळ उघडायच्या आधी हायपो तळ्यात गेलेला असू दे.

काही ठिकाणी क्लोरीनऐवजी क्लोरामाइन घालतात. ते पाणी ठेवून उडत नाही, आणि हायपोने तोडलं की त्यातला अमोनिया मोकळा होतो. मुरलेला फिल्टर तो थोडा अमोनिया पचवतो. नवा फिल्टर असेल तर अमोनियाही बांधून ठेवणारं कंडिशनर वापरा. पाणी पुरवणाऱ्यांना विचारलं की कळतं तुमच्याकडे काय घालतात.

दर आठवड्याला १० टक्के पाणी बदला, म्हणजे आपल्या तळ्यात ६०० लिटर. कमी झालं तेवढंच वरून भरणं याला बदलणं म्हणत नाहीत. वाफ होऊन फक्त पाणी जातं, क्षार आणि नायट्रेट मागे राहतात आणि दर भरणीला वाढत जातात. आधी तळातलं घाण पाणी काढा, मग भरा. आणि नळ चालू ठेवून घरात जायचं असेल तर मोबाइलवर गजर लावूनच जा. विसरलेल्या नळाने मेलेले मासे हा या छंदातला सगळ्यात सामान्य अपघात असावा.

मोजायचं काय

पट्ट्यांपेक्षा थेंबांचं टेस्ट किट घ्या. अमोनिया आणि नायट्राइट शून्य हवं. नायट्रेट ४०–५० मिलिग्रॅमच्या खाली. सामू ७ ते ८.५ मध्ये कुठेही चालतो, फक्त तो स्थिर हवा. ‘आदर्श’ सामूसाठी आम्ल-अल्क ओतत बसणं हा उपद्व्याप आहे, मासे त्या चढउतारानेच मरतात.

सामू आणि अमोनिया मात्र जोडीने वाचा. किट दाखवतं तो एकूण अमोनिया; त्यातला विषारी भाग सामू आणि तापमानावर ठरतो. २५ अंशांना सामू ७ असेल तर एकूणातला अर्धा टक्का विषारी रूपात असतो, ८ ला पाच टक्क्यांच्या वर, आणि ९ ला एक तृतीयांशाहून जास्त. म्हणून तोच १ मिलिग्रॅम एका तळ्यात काळजीचा आणि दुसऱ्यात जीवघेणा.

ज्या आकड्याकडे नवखे बघतच नाहीत तो म्हणजे केएच, पाण्यातल्या कार्बोनेटांचं प्रमाण. जिवाणू अमोनिया पचवताना आम्ल तयार करतात आणि ते झेलताना हे कार्बोनेट संपत जातं. अमोनियाच्या एक ग्रॅममागे सात ग्रॅमहून जास्त. आपल्या १०० ग्रॅम खाण्याच्या हिशेबाने रोज जवळजवळ ३८ ग्रॅम खाण्याचा सोडा लागेल इतकं कार्बोनेट खर्च होतं, महिन्याला किलोभर! पाणी बदलताना नळातून त्यातलं काही परत येतं. पण नळाचं पाणी मऊ असेल, किंवा जोराच्या पावसाने तळं भरलं असेल (पावसाच्या पाण्यात केएच नसतोच म्हणा), तर एक दिवस साठा संपतो आणि सामू रातोरात कोसळतो. मासे सुस्त, फिल्टर ठप्प, आणि पाणी नितळ!

केएच ६ अंशांच्या वर ठेवा. हजार लिटरला ३० ग्रॅम खाण्याचा सोडा टाकला की केएच एका अंशाने वाढतो. दिवसाला एक-दोन अंशांहून जास्त वाढवू नका. सोड्याने सामू साधारण ८.३ पर्यंतच जातो, त्यापुढे नाही, म्हणून तो सुरक्षित आहे. अपवाद एकच: सामू आधीच कोसळलाय आणि अमोनियाही साठलाय. अशा वेळी सोडा ओतलात तर सुस्त पडलेला अमोनिया विषारी रूपात जागा होतो. आधी पाणी बदलून अमोनिया खाली आणा, मग चमचा-चमचा. शिंपल्यांचा चुरा जाळीच्या पिशवीत भरून फिल्टरमध्ये ठेवला तर तो सामू घसरू लागला की आपोआप थोडाथोडा विरघळतो.

तळं नवं असताना आठवड्यातून दोनदा मोजा, रुळल्यावर पंधरवड्याने. आणि मोजायची वेळ एकच ठेवा: वनस्पती आणि शेवाळ दिवसभर पाण्यातला कार्बन डायऑक्साइड ओढून घेतात, त्यामुळे सामू पहाटे सगळ्यात खाली आणि दुपारी उशिरा सगळ्यात वर असतो.

धुणं

पहिल्या दोन कप्प्यांत घाण साठते, ती वेळेवर काढायची. ब्रश आणि जाड मॅट आठवड्या-पंधरवड्याने, उन्हाळ्यात जास्त वेळा. तळ्यातलंच पाणी मोठ्या टबात काढा आणि मॅट त्यात पिळा, तीन-चार वेळा. पाणी काळंकुट्ट निघेल. ते झाडांना घाला, उत्तम खत आहे. मॅट पुन्हा पांढरी दिसायला हवी असा आग्रह धरू नका. पाणी तिच्यातून मोकळं वाहायला लागलं की थांबा.

जिवाणूंच्या कप्प्याला वर्षातून दोन-तीनदाच हात लावा, तोही प्रवाह कमी झाला तर. मीडिया जाळीत घेऊन तळ्याच्या पाण्यात हलकेच हलवायचा, घासायचा नाही. एका वेळी अर्धाच, उरलेला अर्धा महिन्याने. त्याच दिवशी मॅटही धुतली, पाणीही निम्मं बदललं, औषधही टाकलं असं ‘एकदाच उरकून टाकू’ करू नका. साबण तर फिल्टरच्या आसपासही नको. पोटॅशियम परमँगनेट, फॉर्मालिन आणि प्रतिजैविकं फिल्टरमधल्या जिवाणूंनाही बाधतात, म्हणून आजारी मासा शक्यतो वेगळ्या टाकीत उपचाराला ठेवा.

तळाचा जुना गाळही असाच. वर्षभर साठलेला एकदम ढवळला तर त्यातून हायड्रोजन सल्फाइड सुटतो, तो विषारी आहे आणि ऑक्सिजनही गिळतो. दर आठवड्याला पाणी बदलताना नळीने थोडा-थोडा ओढून घ्या. पानं पडायच्या दिवसांत वर जाळी पसरलेली बरी.

हिरवं पाणी आणि केसाळ शेवाळ

हिरवं पाणी म्हणजे तरंगणारं एकपेशी शेवाळ. माशांना त्याचा त्रास नाही, आपल्याला मासे दिसत नाहीत इतकंच. नव्या तळ्यात ते हमखास येतं. घाबरून सगळं पाणी बदललं की नव्या पाण्यातल्या क्षारांवर ते दुप्पट जोमाने येतं. खाणं कमी करा, कमळं आणि तरंगत्या वनस्पतींनी अर्ध्याच्या आसपास पृष्ठभाग झाका, वाट पाहा.

वाट बघवत नसेल तर यूव्ही दिवा. तो शेवाळाच्या पेशींना मारतो, त्यांचे गोळे होतात आणि मॅट ते अडवते. पाणी खरंच नितळ होतं, पण अमोनिया तिळमात्र कमी होत नाही. विकणारे हे सांगत नाहीत आणि लोक दिव्यालाच फिल्टर समजतात. दिवा निळा दिसत राहिला तरी वर्षभरात त्याची ताकद उतरते, म्हणून दरवर्षी नवा. मधून-मधून काचेच्या नळीवरचा चुना पुसा, आणि पेटलेल्या दिव्याकडे उघड्या डोळ्यांनी बघू नका. दगडांवर वाढणाऱ्या केसाळ शेवाळावर यूव्हीचा उपाय चालत नाही, कारण ते दिव्यापर्यंत जातच नाही. ते काठीला गुंडाळून हाताने काढायचं. शेवाळनाशक औषध टाळा: सगळं शेवाळ एकदम मेलं की ते कुजताना रात्रीत ऑक्सिजन संपतो, आणि तांबं असलेली औषधं मऊ पाण्यात माशांना थेट मारतात.

पहाटेचा ऑक्सिजन

वनस्पती आणि शेवाळ दिवसा ऑक्सिजन देतात, रात्री मात्र माशांसारखंच घेतात. म्हणून सूर्योदयाच्या जरा आधी पाण्यात सगळ्यात कमी ऑक्सिजन असतो. त्यात गरम पाणी कमी ऑक्सिजन धरतं: २० अंशांना लिटरमध्ये ९ मिलिग्रॅम मावतो, ३० अंशांना साडेसात. उकाड्याच्या दिवसांत एकदा पहाटे उठून तळ्याशी जा. मासे वर येऊन तोंड उघडझाप करत असतील किंवा परतीच्या धारेखाली गर्दी करून असतील, तर एअर पंप लगेच लावा. मोठे मासे आधी गुदमरतात. धबधबा किंवा कारंजं असलं तरी एअर पंप वेगळा असावा असं माझं ठाम मत आहे. मुख्य पंप बंद पडला तर दुसरं काहीतरी चालू हवं.

आकडा चढलाच तर

आधी खाणं बंद. अमोनिया जिथून येतो तो नळच बंद होतो, आणि माशांना काही होत नाही. मग हवा वाढवा आणि क्लोरीन काढलेल्या पाण्याने २० ते ३० टक्के पाणी बदला. नव्या-जुन्या पाण्याच्या तापमानात फार फरक नको. दुसऱ्या दिवशी मोजून पुन्हा. नायट्राइट चढलं असेल तर हजार लिटरला एक किलो साधं जाडं मीठ बादलीत विरघळवून, दोन-तीन हप्त्यांत सोडा. मिठातला क्लोराइड कल्ल्यांपाशी नायट्राइटला आत शिरू देत नाही. मीठ उडून जात नाही, फक्त पाणी बदलल्याने कमी होतं, म्हणून किती टाकलं ते लिहून ठेवा. वनस्पती जास्त असतील तर यापेक्षा पुढे जाऊ नका.

एवढं झाल्यावर कारण शोधा. बहुतेक वेळा ते चारापैकी एक असतं: मीडिया कुणीतरी घासला, नवे मासे एकदम आणले, कुठेतरी कमळाच्या पानांखाली मेलेला मासा आहे, किंवा पाहुण्यांच्या मुलांनी अर्धं पाकीट ओतलं.

खाण्याबद्दल थोडं इथेच. कोई आणि गोल्डफिश दोघांनाही जठर नसतं, त्यामुळे ते एका वेळी फार साठवू शकत नाहीत, पण मागत मात्र दिवसभर राहतात. दोन-तीन मिनिटांत संपेल एवढंच, दिवसातून दोन-तीनदा. उरलेलं जाळीने काढा. पाणी १० अंशांच्या खाली गेलं की अजिबात नाही.

वीज गेली किंवा बाहेरगावी जायचं असलं

वीज गेल्यावर बंद फिल्टरमधला ऑक्सिजन काही तासांत संपतो आणि जिवाणू मरू लागतात. थोड्या वेळाने आली तर काही करायला नको. बराच वेळ गेली असेल तर पंप लगेच चालू करून आतलं सडकं पाणी तळ्यात ढकलू नका. आधी कॉक उघडून ते बाहेर सोडा, मग सुरू करा, आणि पुढचे चार-पाच दिवस खाणं अर्धं ठेवून अमोनिया मोजा. वीज नेहमीच जात असेल तर बॅटरीवरचा छोटा एअर पंप घ्या, एक दगड तळ्यात आणि एक जिवाणूंच्या कप्प्यात.

आठवडाभर बाहेर जाणार असाल तर माशांना उपाशी ठेवा. निरोगी मोठे मासे आठवडा काय, दोन आठवडेही आरामात काढतात. शेवाळ आणि किडे टिपत बसतात. शेजाऱ्यांना सांगायचंच असेल तर खाणं घालायला सांगू नका, डबा कुलपात ठेवा. त्यांना एवढंच दाखवून ठेवा की परतीच्या पाइपातून पाणी पडतंय का ते कुठे उभं राहून बघायचं, पडत नसेल तर कोणतं बटण, आणि तरीही नाही पडलं तर तुमचा नंबर.